गल्ल्यावर नव्याने बसताना: अडचणीच्या काळात घरचा धंदा कसा सांभाळावा

सांगलीच्या गणपती पेठेत आमचं किराणा-भुसाराचं होलसेल दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी आणि काकांनी वाढवलं. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी आली. २०१७ च्या जुलैत जीएसटी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा दुकानात शिरली, २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. पाच वर्षांत पाच दणके. त्यातच २०२० च्या दिवाळीनंतर अण्णांना अर्धांगाचा झटका आला आणि गल्ल्यावर मी बसले. मी बी.कॉम., लग्न होऊन मिरजेत. तोवर दुकानाशी माझा संबंध लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकू लावण्यापुरता.

ज्यांच्या हातात घरचा धंदा असाच अचानक आला आहे, किंवा वर्षा-दोन वर्षांत येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. किराणा असो, हार्डवेअर असो, कापड असो, पहिल्या वर्षातली कामं जवळपास सारखीच असतात. दणका बाहेरून येतो, पण दुकान तिथेच फुटतं जिथे एखादा हिशोब कुणा एकाच्या डोक्यात राहिलेला असतो. म्हणून खालची बहुतेक कामं डोक्यातलं कागदावर आणण्याची आहेत.

पहिला पंधरवडा: काही बदलू नका, लिहून काढा

नवा माणूस गादीवर बसला की त्याला लगेच रॅक बदलावेसे वाटतात, सॉफ्टवेअर आणावंसं वाटतं, जुन्या दिवाणजींना सांगावंसं वाटतं. पंधरा दिवस थांबा. तेवढ्यात चार याद्या करा: कोणाकडून किती येणं आहे, कोणाला किती देणं आहे, दुकानात आणि गोदामात माल किती आहे, आणि कोणता कागद कुठे ठेवला आहे.

पहिली यादी सगळ्यात अवघड. आमचं बिलिंग कॉम्प्युटरवर होतं, पण उधारीचं खरं पुस्तक म्हणजे अण्णांची लाल कापडी बांधणीची खतावणी. ती घेऊन मी मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्या खाटेशेजारी बसायची. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, समज मात्र शाबूत. मी नाव वाचायची आणि अण्णा डाव्या हाताने माझं मनगट दाबायचे. एकदा दाबलं म्हणजे माणूस देईल. दोनदा दाबलं म्हणजे मागे लागावं लागेल. तोंड भिंतीकडे वळवलं की ते नाव सोडून द्यायचं. चार दुपारी लागल्या. वाळवा तालुक्यातल्या एका दुकानदाराच्या नावापुढे बासष्ट हजार बाकी होती. ते नाव वाचल्यावर अण्णा मनगट सोडून आपल्याच छातीवर हात आपटायला लागले. मला वाटलं दुखतंय, मी नर्सला हाक मारली. संध्याकाळी घरी त्यांचा झटक्याच्या दिवशीचा सदरा धुवायला काढला तेव्हा खिशात चिठ्ठी सापडली: त्या माणसाचे बासष्ट हजार रोख जमा, तारीख आदल्या दिवसाची. बँकेत भरायचे राहिलेले ते पैसे कपाटात तसेच होते. चिठ्ठी धुण्यात गेली असती तर मी एका सचोटीच्या गिऱ्हाइकाकडे दुसऱ्यांदा पैसे मागितले असते.

म्हणून विनंती अशी, की घरचं मोठं माणूस बोलतंय तोवर विचारा. "तुम्हाला काही झालं तर" असं म्हणू नका, कोणालाच ऐकवत नाही. "वही जुळवायची आहे, तासभर बसाल का?" असं म्हणा. चहा ठेवा. एका बैठकीत सगळं होत नाही, आठवड्यातून दोनदा बसा.

पंधरा दिवसांत बदलायच्या फक्त दोन गोष्टी आहेत. एक, बँकेतली सही. दुसरी, मोबाइल नंबर. आमच्या जीएसटीचा आणि बँकेचा ओटीपी अण्णांच्या बटणाच्या फोनवर यायचा. ते दवाखान्यात असताना वीस तारीख आली, विवरणपत्र भरायचं होतं आणि फोनची बॅटरी उतरलेली, चार्जर कोणाकडे आहे ते कोणाला ठाऊक नाही. इतक्या लहान गोष्टीपायी व्याज आणि विलंब शुल्क लागतं, आणि आपलं विवरणपत्र अडकलं की आपल्याकडून माल घेणाऱ्याचं क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकतं. मग पार्टीचा फोन येतो, आणि तो फोन फार वाईट असतो.

घरखर्च आणि गल्ला

हे काम मला सर्वात महत्त्वाचं वाटतं आणि सर्वात जास्त दुखतंही इथेच.

आमच्याकडे दूधवाला, शाळेची फी, काकूंची औषधं, लग्नाचे आहेर, सगळं गल्ल्यातून जायचं. दिवाळीत वही बंद करताना जे उरेल त्याला नफा म्हणायचं. चांगल्या काळात हे चालून जातं, कारण कुणाला कमी पडत नाही. वाईट काळात कळतच नाही की दुकान तोट्यात आहे की घर जास्त उचलतंय.

तीन महिने कोणालाही न टोकता फक्त लिहा. गल्ल्यातून घरात गेलेला प्रत्येक रुपया आणि घरी गेलेला प्रत्येक माल, अगदी शेंगदाण्याच्या पाव किलोपर्यंत. आमच्या तीन महिन्यांची बेरीज केली तेव्हा दुकान महिन्याला साधारण सत्तर हजार कमावत होतं आणि दोन घरं मिळून चौऱ्याण्णव हजार उचलत होती. फरक कुठून जात होता? व्यापाऱ्यांची देणी लांबवून. कोणी उधळत नव्हतं, कोणी चोरी करत नव्हतं. तरी दर महिन्याला चोवीस हजारांचा खड्डा पडत होता.

आकडा हातात आल्यावर प्रत्येकाचा पगार ठरवा. दुकानात बसणाऱ्याला कामाचा पगार, न बसणाऱ्या वडीलधाऱ्याला घरखर्चाची ठरलेली रक्कम. एक तारखेला बँकेतून बँकेत. वर लागले तर "उचल" म्हणून चिठ्ठी, पुढच्या पगारातून वळती. घरी नेलेल्या मालाचं बिल खरेदीच्या भावाने, पण बिल झालंच पाहिजे.

काकांना हे लागलं. "तीस वर्षं ह्या दुकानात झिजलो, आता साखर न्यायला बिल फाडू?" असं ते म्हणाले, आणि दोन दिवस दुकानात आले नाहीत. मी वाद घातला नाही. पहिलं बिल अण्णांच्या घरचं केलं, आईच्या नावाने, आणि तीन महिन्यांचा कागद काकूंना नेऊन दाखवला. काकूंनीच पुढे काकांना समजावलं. घरखर्चाचा आकडा घरातल्या बायकांना आधी दाखवावा, त्यांना महिना कसा बसवायचा ते रोजचं माहीत असतं. आमच्या चौऱ्याण्णवचे बहात्तर त्यांनी केले, मी नाही.

शनिवारचा कागद

दर शनिवारी दुकान बंद करताना एक कागद भरायचा. वर आजची शिल्लक: गल्ला, चालू खातं, कॅश क्रेडिटमध्ये (बँकेच्या खेळत्या कर्जात) अजून उचलता येईल ती रक्कम. खाली पुढचे सहा आठवडे. प्रत्येक आठवड्यात काय नक्की द्यायचं आहे (व्यापाऱ्यांची पेमेंट, जीएसटी, पगार, बँकेचं व्याज, भाडं) आणि काय येईल. येणाऱ्या रकमेत पार्टीने कबूल केलेल्याच्या निम्मीच धरा. माझा अनुभव आहे की संकटाच्या काळात निम्मीच येते. एखाद्या आठवड्याची बेरीज उणे जात असेल तर ते तुम्हाला चार आठवडे आधी कळतं, आणि चार आठवड्यांत बरंच करता येतं: खरेदी कमी करता येते, मोठ्या व्यापाऱ्याला स्वतःहून फोन करून दहा दिवस मागता येतात. चेक परत गेल्यावर मागितलेले दहा दिवस कोणी देत नाही.

कॅश क्रेडिट समजून घ्या. बँक मालावर आणि तीन महिन्यांच्या आतल्या उधारीवर पैसे देते, त्यातून व्यापाऱ्यांची देणी वजा करते आणि साधारण चौथा हिस्सा मार्जिन म्हणून राखते. त्यासाठी दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल-उधारीचा तक्ता, द्यावं लागतं. अनेक दुकानांत ते मागच्या महिन्याचं बघून थोडे आकडे इकडेतिकडे करून दिलं जातं. तसं करू नका. पूर आला की विमा कंपनी तेच स्टेटमेंट मागते.

उधारी

होलसेल किराण्यात उधारी बंद करता येत नाही. खेड्यातला दुकानदार स्वतः उसाचं बिल येईपर्यंत शेतकऱ्याला उधार देतो, त्याची साखळी आपल्यापर्यंत येते. साखर कारखान्यांची बिलं लांबली की आमच्या पलूस आणि वाळवा लाइनची (टेम्पोच्या फेरीच्या गावांची) वसुली लांबते. पण उधारीला वय असतं, आणि ते वय बघावं लागतं.

खतावणीतली नावं चार ढिगांत लावा: तीस दिवसांच्या आतली, नव्वदच्या आतली, वर्षाच्या आतली, वर्षाच्या बाहेरची. पहिल्या ढिगाला हात लावू नका. दुसऱ्याला "बिल टू बिल" करा, म्हणजे नवा माल टाकताना आधीचं बिल घ्यायचं. तिसऱ्याकडे स्वतः जा, सेल्समनला पाठवू नका. मी काकांना घेऊन टेम्पोत बसून गेले. बाई वसुलीला आलेली बघून काही जण गोंधळले, पण चहा सगळ्यांनी दिला. बहुतेकांनी हप्ते बांधून दिले. एकाने दुकानच बंद केलेलं होतं, त्याच्याकडून वजनकाटा आणि रॅक घेऊन खातं मिटवलं.

चौथ्या ढिगासाठी कायदा माहीत असावा. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायची मुदत तीन वर्षं. मुदत संपायच्या आत समोरच्याने बाकी मान्य असल्याचं लिहून तारखेसह सही दिली तर तीन वर्षं पुन्हा तिथून मोजतात. म्हणून दरवर्षी मार्चअखेर प्रत्येक खात्याचा उतारा पाठवून त्यावर सही आणि शिक्का घ्यायची सवय लावा. यात अविश्वास नाही, दोन्ही वह्या जुळतात आणि समोरच्यालाही बरं वाटतं.

देण्याच्या बाजूचा एक नियम नव्या लोकांना बऱ्याचदा माहीत नसतो. आपण पापड, मसाला, चटणी करणाऱ्या एखाद्या लहान उत्पादकाकडून माल घेत असू आणि त्याची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु गटात असेल, तर त्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यायचे असतात. वर्षअखेर ते मुदतीबाहेर थकलेले राहिले तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात धरला जात नाही. आपण व्यापारी म्हणून उद्यम नोंदणी केली तरी उलट बाजूने हे संरक्षण आपल्याला मिळत नाही, बँकेच्या कर्जापुरताच तिचा उपयोग होतो. लहान उत्पादकाचे पैसे वेळेवर देणं तसंही आपल्या हिताचं असतं. लॉकडाउनमध्ये मोठ्या कंपन्यांचा माल येईना तेव्हा कवठे महांकाळच्या एका बचत गटाच्या चटणीवर आणि पापडांवर आमचे तीन आठवडे निघाले.

माल: कमी ठेवा, उंच ठेवा, विमा पुरता काढा

२०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ च्या पुरात पाणी जिथपर्यंत आलं होतं त्या खुणेच्या वर आम्ही पोती रचली होती आणि निश्चिंत होतो. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. साखर विरघळून गेली, हरभऱ्याला मोड आले, तुरीची पोती फुगून फुटली, आणि आठवड्याने शटर उघडलं तेव्हा तेलाचे डबे छतापाशी गाळात अडकलेले होते. तो वास कपड्यांतून कितीतरी दिवस गेला नाही.

विमा होता, पण मालाच्या निम्म्या किमतीचा. तेव्हा कळलं की निम्मा विमा काढला की नुकसानही निम्मंच मिळतं. चाळीस लाखांचा माल, वीस लाखांचा विमा आणि दहा लाखांचं नुकसान असेल तर हातात पाच लाख येतात. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" नावाची प्रमाणित पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळते. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर ती चालते, पूर त्यात धरलेला आहे आणि किंमत पंधरा टक्क्यांपर्यंत कमी लावली गेली असेल तर कापत नाहीत. दिवाळीआधी माल भरतो तेव्हाचा सर्वात मोठा आकडा धरून विमा काढा. बँकेने काढलेला विमा बँकेच्या कर्जापुरता असू शकतो, कागद मागून वाचा.

करांच्या बदलातही मालच अडकतो. १८ जुलै २०२२ ला पंचवीस किलोपर्यंतच्या पॅक आणि लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के जीएसटी लागला आणि बाजारात २६ किलोचे कट्टे आले. २०२५ च्या १५ ऑगस्टला घोषणा झाली की जीएसटीचे दर कमी होणार, आणि २२ सप्टेंबरला नवे दर लागू झाले. बिस्किटं, साबण, टूथपेस्ट अठरावरून पाचवर आली. मधल्या पाच आठवड्यांत खेड्यातल्या दुकानदाराने एक पुडा जास्त उचलला नाही. शनिवारच्या कागदामुळे आमची त्या माल-गटातली खरेदी ऑगस्टअखेरच थांबली होती, त्यामुळे आम्ही वाचलो. ज्यांनी स्कीमच्या मोहाने गोदाम भरलं होतं त्यांचं भांडवल नवरात्रापर्यंत अडकलं. नियम म्हणून सांगते: दर बदलाची नुसती कुणकुण लागली तरी पंधरा दिवसांच्या विक्रीपेक्षा जास्त माल धरू नका, कंपनीचा सेल्समन कितीही गळ घालो.

कोण काय ठरवणार

महिन्यातून एकदा, अमावास्येला पेठ बंद असते तेव्हा आम्ही घरी बसतो. सुरुवातीला सगळ्यांचं सगळ्यावर मत असायचं. आता ठरलेलं आहे: खरेदी काकांची, उधारी आणि बँक माझी. दोन लाखांवरची कोणतीही एक खरेदी किंवा कुठलंही नवं कर्ज दोघांच्या सहीशिवाय नाही. भाऊ पुण्यात नोकरी करतो, तो फोनवर असतो, ऐकतो, विचारतो, पण रोजच्या कामात त्याचा शब्द अखेरचा नसतो. हे त्याला स्पष्ट सांगणं मला जड गेलं. सांगितलं नसतं तर जास्त जड गेलं असतं.

गिऱ्हाइकासमोर एकमेकांचा भाव मोडायचा नाही, हा एवढा एकच नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा. काकांनी दिलेला भाव मला चूक वाटला तरी त्या बिलापुरता तोच. रात्री बोलायचं.

कागदपत्रं

दुकान अण्णांच्या एकट्याच्या नावावर होतं, म्हणजे प्रोप्रायटरी. काका तीस वर्षं बसत होते, पण कागदावर त्यांचा काहीच हिस्सा नव्हता. असली घरं महाराष्ट्रात हजारोंनी असतील. प्रोप्रायटरी धंदा त्या माणसाबरोबर थांबतो: पॅन त्याचा, जीएसटी नंबर त्याचा. वारसांना नवा नंबर घ्यावा लागतो आणि शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्म भरून नव्या नंबरावर न्यावं लागतं. कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका, ते देणारा माणूस गेला की ते संपतं.

अण्णा जरा सावरल्यावर, २०२१ मध्ये, आम्ही तिघांची भागीदारी केली: अण्णा, काका, मी. नवं पॅन, नवा जीएसटी नंबर, बँकेची नवी मंजुरी, अन्न परवाना, यात चार महिने गेले. करारनाम्यात ही कलमं हवीतच: कोणाचं भांडवल किती, नफ्याचं प्रमाण काय, काम करणाऱ्याला पगार किती, कोण बाहेर पडला तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची आणि किती हप्त्यांत द्यायची, आणि भागीदार गेला तर फर्म चालू राहील. हे शेवटचं कलम नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे एक भागीदार गेला की फर्म विसर्जित होते. दोघांचीच भागीदारी असेल तर कलम असूनही उपयोग नाही, एकटा माणूस फर्म होऊ शकत नाही. म्हणून तिसरं नाव घ्या. फर्म रजिस्ट्रारकडे नोंदवा, कारण नोंदणी नसलेल्या फर्मला उधारीसाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेला पगार, व्याज वगैरे वर्षाला वीस हजारांच्या वर गेलं तर दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापावा लागतो, तेही सीएंना आठवण करून विचारा.

अण्णा २०२३ च्या श्रावणात गेले. तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी आम्ही शटर उघडलं आणि त्याच नंबरावर बिल फाडलं. त्या एका कलमाची किंमत मला त्या दिवशी कळली.

जागेचा प्रश्न वेगळा असतो. आमच्या दुकानाच्या जागेच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव होतं. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, म्हणजे अण्णा, काका आणि आत्या तिघांचा समान हिस्सा. स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. वडिलोपार्जित मालमत्तेतही तो महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतका झाला, आणि वडील २००५ मध्ये हयात असायला हवे होते अशी अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पेठेतल्या दोघातिघांनी सल्ला दिला की भाऊबीजेला साडी घेऊन जा आणि हक्कसोडपत्रावर सही घेऊन या. मला हे मान्य नव्हतं. मी स्वतः त्या घरची मुलगी. आम्ही आत्याचं नाव लावलं आणि फर्म तिच्या तिसऱ्या हिश्श्याचं भाडं तिला दर महिन्याला देते. भाडेकरार नोंदवलेला आहे. आत्या पहिल्या भाड्याच्या दिवशी पेढे घेऊन दुकानात आली होती.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करावी. बँकेत नॉमिनी लावलेला असला तरी तो मालक होत नाही, वारसांसाठी पैसे हातात घेणारा एवढाच त्याचा अधिकार.

काय धरायचं, काय सोडायचं

आमचा पलूस लाइनचा टेम्पो किर्लोस्करवाडीवरून भिलवडीला जातो. दोन्ही गावांकडे बघून मला धीर येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकली विकल्या, मग कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये कारखाना मांडला. भिलवडीला भास्कर गणेश चितळ्यांनी १९३९ मध्ये दुधाचा धंदा सुरू केला आणि मुलांनी तो १९५० मध्ये पुण्याच्या दुकानापर्यंत नेला. पुण्याचं ते दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं, ती त्याची ओळखच झाली होती. २०१७ मध्ये ती वेळ त्यांनी बदलली. चव धरली, वेळ सोडली.

आपल्या धंद्यात चव कोणती आणि वेळ कोणती, हे गिऱ्हाइकाला विचारा. मी वीस दुकानदारांना एकच प्रश्न विचारला: मोबाइलच्या ॲपवर स्वस्त मिळत असताना आमच्याकडून का घेता? भाव कोणीच म्हणालं नाही. सुटी डाळ निवडून मिळते, खराब निघाली तर परत घेता, आणि मुलीच्या लग्नात दोन महिने थांबता. त्यानंतर आम्ही दोन कंपन्यांच्या एजन्सी सोडल्या, कारण त्यात टक्का-दीड टक्का सुटत होता आणि भांडवल गोठत होतं. सुटलेल्या पैशात डाळ निवडायचं यंत्र घेतलं, आणि सांगलीचीच हळद अर्ध्या किलोच्या पाकिटात भरून द्यायला लागलो. हळदीने पहिलं वर्ष काही दिलं नाही. दुसऱ्या वर्षी दिवाणजींचा पगार तिच्यातून निघाला. असा एखादाच प्रयोग एका वेळी करा, आणि बुडाला तरी पगार थांबणार नाहीत एवढेच पैसे त्यात घाला.

माणसांबद्दल थोडंच. संकटात पगार कापावा लागला तर आधी घरच्यांचा कापा, आणि ते दुकानातल्या माणसांना दिसू द्या. लॉकडाउनमध्ये आमचे हमाल पायी येऊन माल उतरवत होते, कारण २०१९ च्या पुरात बंद दुकानाचा पगार त्यांना मिळाला होता.

पुढच्या दणक्याचा कागद

प्रत्येक धंद्याला त्याचा ठरावीक धोका असतो. कापडवाल्याला आग, भाजीवाल्याला वाहतूक बंद, आम्हाला नदी. त्याचा कागद आधीच करून ठेवा आणि त्यात "लक्ष ठेवा" असं लिहू नका, आकडा आणि काम लिहा. आमचा कागद गल्ल्याच्या मागे चिकटवलेला आहे, अण्णांनी डाव्या हाताने गिरवलेल्या आकड्यांत (फूट म्हणजे आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी):

३० फूट: टेम्पोवाल्याला ॲडव्हान्स, नवी खरेदी बंद.
३५ फूट: साखर, गूळ, मीठ माळ्यावर. बाकी माल मोजून फोटो.
४० फूट: डाळी मिरज रोडच्या गोदामात. कॉम्प्युटर, खतावणी, पॉलिसी, चेकबुक गाडीत.
४३ फूट: लाइट बंद, शटर बंद, हमालांना आठवड्याचा पगार हातात, सगळे घरी.

खाली मुकादमाचा, टेम्पोवाल्याचा आणि विमा एजंटचा नंबर. जूनच्या पहिल्या सोमवारी काकांची धाकटी, जी आता अकरावीत आहे, तिन्ही नंबर लावून बघते आणि लागले की पुढे बरोबरची खूण करते.